हार्टसाइडवर दमून जाऊ नका: इंग्लंडच्या डोंगरांत सायकल चालवताना या चुका टाळा

मागचं चाक आयरिश समुद्रात भिजवून निघायचं आणि साधारण 225 किलोमीटरनंतर पुढचं चाक उत्तर समुद्रात बुडवायचं. उत्तर इंग्लंडमधला 'सी टू सी' हा सायकलमार्ग 1994 पासून आहे आणि बरेच जण तो तीन-चार दिवसांत करतात. त्यातला पेनरिथहून पेनाइन डोंगर ओलांडून स्टॅनहोपला उतरायचा दिवस माणसाला पुरता थकवतो. अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पुण्याहून महाबळेश्वर केलेल्याला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि तिथेच गणित चुकतं.

अंतर पाहून दिवस आखणं

सगळे हार्टसाइडचं नाव ऐकून येतात. 580 मीटर उंचीची ही खिंड. पण मेलमर्बी गावातून मोठ्या रस्त्याने चढलात तर चढ सरासरी जेमतेम 5 टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर. वळणं घेत, एका लयीत जाणारा, आपल्या घाटांसारखाच. आपला माणूस तिथे खुशीत येतो, जोर लावतो, वर पोचून फोटो काढतो. पुढे गॅरिगिल गावाहून नेंटहेड गावाकडे जाताना रस्ता एकदम अंगावर येतो. मग 609 मीटरवरचं ब्लॅक हिल. आपले घाटरस्ते गाड्यांना झेपतील असे वळणावळणाने काढलेले असतात. इथल्या कित्येक जुन्या गावरस्त्यांनी ती तसदी घेतलेली नाही, ते सरळ टेकडीवर चढतात. म्हणून हार्टसाइडवर धाप न लागता बोलता येईल एवढाच जोर लावा.

आदल्या रात्री ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा नकाशा उघडा. रस्त्यावर एक बाण म्हणजे 14 ते 20 टक्के उतार, दोन बाण म्हणजे त्याहून जास्त. बाण नेहमी उताराकडे तोंड करून असतो. तो तुमच्यावर रोखलेला असेल तर तुम्हाला चढायचं आहे.

गिअर घरचेच ठेवणं

सायकल, सामान आणि तुम्ही मिळून 100 किलो धरा. पुढच्या दातेरी चकतीला 34 दात, मागच्या चकतीला 28, मिनिटाला पेडलचे 60 फेरे: वेग होतो ताशी 9 किलोमीटरच्या वर. 15 टक्के चढावर एवढा वेग राखायला पायांतून साडेतीनशे वॉटहून जास्त ताकद काढावी लागते. ती तुमच्या-माझ्याकडे दिवसभर नसते. पुढे 30, मागे 36 बसवून घ्या. तेच पेडल ताशी सव्वासहा किलोमीटरवर येतं आणि गुडघे वाचतात. गिअर चढ सुरू व्हायच्या आधी पाडा. पूर्ण जोर देत असताना बदललात तर चेन उतरते, कधी तुटतेही. आणि उतरून ढकलावं लागलं तर खुशाल ढकला, त्यात कमीपणा नाही.

वर काहीतरी मिळेल म्हणून निघणं

हार्टसाइडच्या माथ्यावरचा प्रसिद्ध कॅफे 2018 मध्ये आगीत जळाला. जुनी प्रवासवर्णनं वाचून त्याच्या भरवशावर निघू नका. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचनंतर बरेचदा बंद होतं, ते थेट संध्याकाळी उघडतं. मी खिशात खजूर आणि चिक्की ठेवतो, भूक लागायची वाट न पाहता पाऊण तासाने एकेक तुकडा तोंडात टाकतो.

वारा आणि उतार

पश्चिमेकडून पूर्वेला जाताना वारा बहुधा पाठीशी असतो. पण इथे क्रॉस फेल या डोंगरावरून ईशान्येचा 'हेल्म विंड' खाली झेपावतो, आणि तो थेट तोंडावर येतो. हवामानाच्या अंदाजात ईशान्येचा जोराचा वारा दिसला तर दिवस छोटा करा.

माथ्यावर पोचल्या पोचल्या, घाम सुकायच्या आत, वारारोधक जॅकेट चढवा. उतारावर बोटं गारठली की ब्रेक नीट दाबले जात नाहीत. ब्रेक सतत घासत ठेवू नका, वळणाआधी दाबा, मग सोडा. रिमब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे ब्रेक) ओले असतील तर चाकाचा पहिला फेरा नुसता पाणी पुसण्यात जातो, तेवढं अंतर हाताशी ठेवा. रस्त्यात गुरांसाठीची लोखंडी जाळी आली तर हँडल सरळ, पेडल स्थिर, ब्रेक नाही. आणि मोकळ्या माळावर मेंढ्या कधीही आडव्या येतात.

अरुंद, कुंपणांनी झाकलेल्या रस्त्यांवरही गाड्यांची कायदेशीर मर्यादा बरेचदा ताशी 60 मैल असते. आंधळ्या वळणावर सावध राहा. घोडा दिसला तर लांबूनच आवाज द्या आणि हळू, दूरून जा.

ट्यूब बदलली, काटा तसाच

इंग्लंडमध्ये शेताच्या काटेरी कुंपणांची छाटणी 1 मार्च ते 31 ऑगस्ट बंद असते. सप्टेंबरपासून ती सुरू होते आणि काटे रस्त्यावर पडतात. माझी ट्यूब गेली, नवी घातली, अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा फुस्स. टायरच्या आतून अंगठा हळूहळू फिरवला तेव्हा तांदळाच्या कणीएवढं काळं टोक लागलं. ते बाहेरून दिसतच नव्हतं. चिमट्याने ओढलं तर जवळपास सेंटीमीटरभर काटा निघाला. तेव्हापासून चिमटा माझ्या पिशवीत असतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून पूर्ण चाचपा.

स्टॅनहोपला उजेड उरला असला तरी पुढे जायचा मोह आवरा. गाव सोडताच क्रॉलीसाइडचा चढ सुरू होतो. तो सकाळी, पोटभर नाश्ता करून चढा.