सराव पाठ झाल्यावर वहीत काय लिहायचं

बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या, सराव पाठांच्या वह्या तपासताना शेवटच्या रकान्यात हमखास भेटणारं वाक्य: 'पाठ छान झाला, मुलांनी आनंद घेतला.' यातून पुढच्या पाठाला काहीच मिळत नाही. म्हणून माझ्या गटाकडून मी वेगळं लिहून घेते.

पाठाआधी एकच मूल निवडा. चपळ खेळाडू नको, ज्याचं नाव पटकन आठवत नाही असं मूल घ्या. निरीक्षणाला बसलेल्या सोबत्याला स्टॉपवॉच द्या. ते मूल प्रत्यक्ष खेळतंय तेवढाच वेळ त्याने मोजायचा. तुमच्या सूचना, रांगा लावणं, पाळीची वाट बघणं यातलं काहीही त्यात धरायचं नाही. ३५ मिनिटांच्या तासातून हाती किती मिनिटं लागतात, ते वहीत सर्वांत वर लिहा.

खो-खोचंच बघा. पाठलागाच्या बाजूचे ९, त्यातले ८ बसलेले, आणि समोर एका वेळी ३ धावक. वर्ग ५० जणांचा असला तर अख्खं मैदान आखून सामना लावल्यावर उरलेले नुसते बघत बसतात. त्यापेक्षा फक्कीने चार-पाच छोटी मैदानं आखा आणि प्रत्येकावर एक गट खेळवा.

आता निवडलेल्या मुलाच्या पायांकडे बघा. खो मिळूनही ते उशिरा उठतं, तेव्हा आपण सवयीने 'लक्ष दे' म्हणून ओरडतो. पण बहुतेकदा लक्ष असतंच. दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले असतात, वजन मागे असतं, मग झेप निघणार कुठून? अशा वेळी नोंद एवढीच हवी: 'खो ऐकला. टाचा टेकलेल्या. उद्या धावण्याआधी बैठक, चवड्यांवर.' दिसलं काय, कारण काय असावं, बदलणार काय. मुलाचं खरं नाव वहीत नको.

काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावरचा विचार, हा फरक अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली मांडला. मैदानावर पहिला फार लवकर निसटतो. मुलांच्या डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून तुम्ही गट फिरवलात, तर तेही लिहा, नाहीतर संध्याकाळपर्यंत विसराल. गणवेश बदलायच्या आधीच वही उघडा.

बदलाची ओळ पुढच्या पाठ टाचणाच्या (पाठाच्या लेखी आराखड्याच्या) डोक्यावर लाल शाईने उतरवा. ती नसेल तर मी टाचणावर सही करत नाही.