वडिलोपार्जित जमीन वक्फ-अलल-औलाद करण्यापूर्वी

घरच्या शेतीचे तुकडे होऊ नयेत, ती विकली जाऊ नये आणि तिच्या उत्पन्नावर पुढच्या पिढ्यांचा निर्वाह चालावा, या हेतूने केलेल्या वक्फला (वक्फ म्हणजे इस्लामी कायद्याप्रमाणे मालमत्ता कायमची राखून तिचे उत्पन्न ठरवलेल्या कामी लावणे) वक्फ-अलल-औलाद म्हणतात. 1894 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, ज्यांत धर्मादाय भाग केवळ नावापुरता आहे असे कौटुंबिक वक्फ अवैध ठरवले होते. 1913 च्या कायद्याने त्यांना पुन्हा मान्यता मिळाली, मात्र अंतिम लाभ गरिबांसाठी किंवा कायमस्वरूपी धर्मादाय कामासाठी राखलेला असलाच पाहिजे, ही अट राहिली.

बहुतेक घरांत चूक होते ती वक्फनाम्यात नव्हे, त्याच्या आधी. वडील वारल्यावर थोरला भाऊ जमीन कसत राहतो, सातबाऱ्यावर वडिलांचेच नाव असते आणि तो सगळी जमीन वक्फ करायला निघतो. त्याला तो अधिकार नाही. मृत्यूच्या क्षणीच प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो. समजा, कर्जे व दफनाचा खर्च भागवून आठ एकर राहिली आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत, तर हनफी (सुन्नी मुस्लिमांचा एक कायदेपंथ) वाटणीने पत्नीला एक आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर मिळते. उरलेल्या सात एकरांत प्रत्येक मुलाला 2 एकर 32 गुंठे आणि मुलीला 1 एकर 16 गुंठे येतात. थोरल्याला वक्फ करता येईल ते एवढेच 2 एकर 32 गुंठे. आई आणि बहीण राजी असतील, तर त्यांनी स्वतः वाकिफ, म्हणजे वक्फ करणारे, म्हणून सही करावी. 'बहिणीने हक्क सोडला' हे तोंडी वाक्य कामाचे नाही. वक्फ कायद्याच्या 2025 च्या दुरुस्तीने तर वक्फ-अलल-औलादमुळे वारसांचा, विशेषतः स्त्री वारसांचा हक्क बुडता कामा नये असे कायद्यातच लिहिले आहे.

म्हणून आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा, फेरफार मंजूर करून घ्यावा आणि शक्य झाल्यास मोजणी करून हिस्से वेगळे करावेत. अविभक्त हिस्सा वक्फ करता येतो, पण बांधाचा वाद त्याच्यासोबतच येतो. मराठवाड्यात जुना फेरफार अवश्य काढून पाहावा, कारण पिढ्यान्‌पिढ्या आपली म्हणून कसलेली जमीन दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश इनाम निघू शकते, आणि ती वारशाने वाटायची मालमत्ताच नसते. तसेच हे काम आजारपणावर ढकलू नये: मर्ज-उल-मौतमध्ये, म्हणजे मृत्यूला कारण ठरलेल्या आजारात, केलेला वक्फ वारसांच्या संमतीशिवाय मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरताच टिकतो.

वक्फनामा आता लेखीच लागतो. त्यात गट क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा, उत्पन्नाची वाटणी, मुतवल्ली (वक्फची व्यवस्था पाहणारा) कोण व त्याच्यामागून कोण, आणि वंश खुंटल्यास उत्पन्न कोणत्या कामी लागेल, हे स्पष्ट लिहावे. हनफी वाकिफाला हयातीत स्वतःच्या निर्वाहाची तरतूद ठेवता येते. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवून, वक्फ झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत राज्याच्या वक्फ मंडळाकडे नोंदणीसाठी अर्ज करावा. महाराष्ट्राच्या मंडळाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत आहे.

यानंतर मुतवल्ली मालक राहत नाही, व्यवस्थापक होतो. पैगंबरांचे सहकारी व पुढे दुसरे खलिफा झालेले हजरत उमर यांनी खैबरची जमीन वक्फ केली, तेव्हा व्यवस्था पाहणाऱ्याने त्यातून रीतीप्रमाणे खावे, साठवू मात्र नये, अशी मुभा ठेवली होती. त्यामुळे मुतवल्लीचा मोबदला वक्फनाम्यातच ठरवून टाकावा, म्हणजे भावाभावांत संशय राहत नाही. जमीन विकता, गहाण ठेवता येत नाही आणि शेतजमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देता येत नाही. 31 मार्चअखेरचा हिशेब दरवर्षी 1 जुलैपूर्वी मंडळाला द्यायचा असतो. त्यासाठी बी-खताची बिले, आडतीच्या पट्ट्या आणि वाटपाच्या वेळी प्रत्येक लाभार्थ्याची, बहिणींचीही, सही घेतलेली एक वही घरात ठेवावी.