उतारा पूर्ण वाचा: गे मुलाच्या आईने चर्चची शिकवण कशी वाचावी

डिसेंबर 2023. नाताळाच्या करंज्या तळत होते, तेवढ्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं: ‘पोपनी समलिंगी लग्नाला परवानगी दिली.’ खाली निम्म्यांनी हात जोडलेले, निम्म्यांनी कपाळावर मारून घेतलेला. मूळ कागद कुणी उघडलाच नव्हता. मी उघडला, कारण माझा मुलगा गे आहे आणि अर्धवट वाचून बोलण्याची किंमत मी एकदा मोजली आहे.

त्याने घरी सांगितलं त्या रात्री मी कपाटातून कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक चर्चच्या शिकवणीचं पुस्तक, काढला, परिच्छेद 2357 मोठ्याने वाचला आणि पुस्तक मिटलं. तो उठून खोलीत गेला. वसईत जन्मभर मराठी शिकवलेली बाई मी, ‘उतारा पूर्ण वाचा’ म्हणून पोरांवर ओरडणारी! 2358 लगेच पुढे होता.

म्हणून 2357, 2358, 2359 एका बैठकीत वाचा. पहिला मुख्यतः समलिंगी संबंधांबद्दल आहे. ते चर्चला मान्य नाहीत, आणि हे गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. दुसरा माणसांबद्दल: त्यांना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारा, अन्याय्य भेदभावाची खूणसुद्धा नको. तिसरा त्यांना शुचितेची, म्हणजे लैंगिक संयमाची, हाक देतो. ‘कल बदलून घ्या’ असं तिन्हींत कुठेही नाही. बदलून देतो म्हणणारा डॉक्टर भेटलाच तर आल्या पावली परता. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये तसले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

हातातली प्रत कोणती, तेही बघा. आमची जुनी, 1992 च्या मजकुराची. तिच्यात 2358 मध्ये म्हटलंय की ही माणसं आपली स्थिती निवडत नाहीत. 1997 च्या लॅटिन प्रतीनंतर ते वाक्य गेलं आणि त्या जागी हा कलच ‘डिसऑर्डर्ड’ असल्याचं आलं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून मी पेन्सिलीने खुणा केल्या. ते वाक्य गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. पण घाबरण्याआधी शब्दाचं कूळ शोधा. लॅटिनमध्ये तो ‘इनऑर्दिनाता’ आहे: आजारी नव्हे, तर चर्चच्या मते ज्या हेतूकडे वळायला हवं तिकडे न वळलेलं. 2351 मध्ये वासनेलाही हेच विशेषण आहे, आणि ती काय फक्त गे माणसांना असते? तरी जेवताना हा शब्द मुलाला ऐकवू नका. व्युत्पत्ती सांगून झालेली जखम भरत नाही.

मग कागदाचं वजन बघा, म्हणजे त्याला चर्चमध्ये किती अधिकार आहे ते. 2013 मध्ये विमानात पोप फ्रान्सिस ‘न्याय करणारा मी कोण?’ म्हणाले, ते पत्रकारांना दिलेलं उत्तर. 1968 चं ‘हुमाने विते’ हे पोपचं एन्सायक्लिकल, म्हणजे सगळ्या चर्चला लिहिलेलं शिकवणीचं पत्र, फार वजनदार. करंज्यांच्या दिवशीचा कागद म्हणजे 18 डिसेंबरचं ‘फिदुचिया सुप्लिकान्स’, व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक खात्याने पोपच्या संमतीने काढलेलं. त्यात विवाहाची शिकवण जशीच्या तशी आहे. समलिंगी जोडप्याला धर्मगुरू साधा आशीर्वाद देऊ शकतात, पण ठरलेल्या विधीविना आणि नोंदणी लग्नाच्या समारंभाला जोडून नाही. जानेवारीत त्याच खात्याने खुलासा केला: असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा. करंजी उलटायला तेवढा वेळ पुरतो!

कॅटेकिझममध्ये सदसद्विवेकबुद्धीवरचा भाग परिच्छेद 1776 पासून आहे. 1790 म्हणतो, विवेकाचा खात्रीचा कौल माणसाने पाळलाच पाहिजे. आमच्यासारखे लोक तिथेच थांबून खूश होतात. त्याच परिच्छेदात पुढे विवेकही चुकू शकतो असं आहे. तेही वाचा.

एवढं वाचूनही गाठ राहिली तर फादरांकडे जा, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावरच्या गर्दीत नको. चर्चच्या कायद्यातलं कलम 212 आपलं मत धर्मगुरूंपुढे आदराने मांडण्याचा हक्क आपल्याला देतं. मी वहीच्या एका पानावर लिहून नेलं: 2358 एकदा तरी प्रवचनात वाचावा. फादरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘मुलगा नाताळाला येतोय ना?’