कपाट भिंतीला बांधताना

चालायला लागलेलं मूल ड्रॉवरचीच पायरी करतं. दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडे असले की वजन पुढे येतं आणि कपाट अंगावर कलंडतं. वर ठेवलेलं खेळणं हे तर आमंत्रणच. ते आधी खाली आणा.

वरच्या फळीच्या दोन्ही टोकांना एकेक एल-पट्टी, म्हणजे काटकोनात वाकवलेली धातूची पट्टी, लावा; तिची एक बाजू फळीवर, दुसरी भिंतीवर. मागची पाठ बहुधा पातळ असते, तिच्यात स्क्रू धरत नाही. फळी १८ मिमीची असेल तर स्क्रू १६ मिमीचाच घ्या, नाहीतर टोक आत निघतं.

विटांच्या भिंतीत ड्रिलच्या ८ मिमीच्या बिटने ६५ मिमी खोल भोक पाडा. स्विचच्या सरळ वर-खाली मात्र नको, तिथून वायर जाते. भुकटी झटकून काढा. ती राहिली तर प्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात बसवायची प्लास्टिकची नळी, अर्ध्यावरच अडतो. ४० मिमीचा प्लग प्लास्टर ओलांडून विटेत रुतायला हवा, कारण नुसत्या प्लास्टरमध्ये तो सैल होतो. मग ५ मिमी जाड, ६० मिमी लांब स्क्रू. जिप्समच्या पोकळ भिंतीत साधा प्लग उपटून येतो, तिथे आतली चौकट शोधून तिच्यातच स्क्रू पिळा.

शेवटी कपाटाची वरची कड जोरात पुढे ओढून पाहा. जरा जरी हललं तरी स्क्रू पुन्हा तपासा.