महागाईने पोखरलेला देश वर्गात उभा करताना

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे "सरकार जास्त नोटा छापून सगळ्यांना वाटत का नाही?" हा प्रश्न आपल्याकडच्या वर्गात हमखास येतो. त्याचं उत्तर फळ्यावर लिहून देण्यापेक्षा एक कल्पित देश उभा करावा. देश तालवन, चलन सोरा. तीस मुलं आणि सलग दोन तास पुरतात.

नोट ९५ बाय ५५ मिलिमीटरची करा. चारी बाजूंनी एक सेंटीमीटर सोडला की ए-फोर कागदावर दहा बसतात. सुरुवातीला १० सोऱ्यांच्या ३०० नोटा, म्हणजे तीस कागद. कागद ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा, बिनचकाकीचा कागद घ्या. चकचकीत आर्ट पेपरवर पुढे मारायचा शिक्का लवकर वाळत नाही, बोटांना लागतो. खऱ्या नोटेचा रंग, मांडणी, गांधीजींचं चित्र यांतलं काहीही उचलू नका. नोटेशी साम्य असलेला कागद छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे.

प्रत्येकाला १०० सोरे द्या. पाच मुलं सरकारी नोकर. उरलेल्या पंचवीस जणांना दर महिन्याला एकेक मालाचं कार्ड: मिसळ, कांदे, द्राक्षं, वही, बसचं तिकीट, प्रत्येकी पाच. आपलं कार्ड विकायचं, दुसऱ्याचं घ्यायचं. दहा मिनिटांचा एक महिना. महिना संपला की कार्डं गोळा करून पुन्हा वाटा, पैसे मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहू द्या. इथेच बहुतेकांचा खेळ फसतो: शिक्षक मालाबरोबर पैसेही परत घेतात, मग भाव चढतच नाहीत. भाव स्वतः ठरवू नका. मिसळ कितीला गेली तेवढं फळ्यावर लिहा.

दुसऱ्या महिन्यापासून चलनात असेल त्याच्या निम्मी रक्कम नव्याने छापा आणि ती फक्त सरकारी नोकरांना द्या. एकूण रक्कम ३००० वरून ४५००, मग ६७५०, मग १०१२५. माल तेवढाच, पंचवीस कार्डं. दर महिन्याला ठरावीक १५०० च छापत राहिलात तर वाढीचा वेग ५०, ३३, २५ टक्के असा उतरतो आणि महागाई मंदावते. नवे पैसे आधी हातात येणारे नोकर जुन्या भावात खरेदी उरकतात, बाकीच्यांपर्यंत ते पोहोचेस्तोवर भाव चढलेले असतात. मुलं यावर चिडतात. चिडू द्या, खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

सहाव्या महिन्यात साडेसात हजारांच्या वर रक्कम नव्याने छापावी लागते. दहाच्या नोटांत साडेसातशेहून जास्त नोटा कापाव्या लागतील. तेव्हा रबरी शिक्का काढा आणि कोऱ्या दहाच्या नोटेवर लाल शाईत "१०००" मारा. १९२३ साली जर्मनीत हजार मार्कांच्या नोटेवर असाच लाल अक्षरांत एक अब्ज मार्कांचा छाप मारला होता.

शेवटी शून्यं उडवा: १००० जुन्या सोऱ्यांना एक नवा. नव्या नोटा वेगळ्या रंगाच्या कागदावर हव्यात, नाहीतर देवघेवीत गोंधळ होतो. मग दोन गट करा. एका गटात छपाई थांबवा, दुसऱ्यात चालू ठेवा. तुर्कस्तानने २००५ मध्ये सहा शून्यं काढली तेव्हा महागाई आधीच आटोक्यात येत होती. झिंबाब्वेने मात्र छपाई चालूच ठेवून २००६ ला तीन, २००८ ला दहा, २००९ ला बारा शून्यं काढली आणि शेवटी लोक अमेरिकी डॉलरवर गेले. दोन्ही गटांचे मिसळीचे भाव फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि आणखी तीन महिने खेळ चालवा.