या चुका टाळा: सीच्या प्रॅक्टिकलमधील नेहमीचे घोटाळे आणि सरांचे शेरे

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सी या प्रोग्रॅमिंग भाषेचे प्रॅक्टिकल सुरू झाले, की पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक बॅचमध्ये त्याच त्या चुका होतात, हे कोणत्याही लॅब असिस्टंटला विचारले तरी कळेल. आमच्या बॅचचे वेगळेपण एवढेच, की आम्हाला शिकवणारे सर चूक कधीही बोट ठेवून दाखवत नसत. ते मागे येऊन उभे राहत, पडद्यावरचा प्रोग्रॅम वरून खालपर्यंत वाचत, एक वाक्य बोलत आणि पुढच्या मशीनकडे जात. त्या वाक्यावर अख्खी लॅब हसे, काही जण ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेत आणि एरर मात्र होती तिथेच राही. वास्तविक सरांच्या शेऱ्यातच चूक कुठे शोधायची ते सांगितलेले असे. तो केवळ विनोद समजून सोडून देणे ही वर्गातली सर्वांत महागात पडणारी चूक होती. पुढे त्यांतले काही शेरे, त्यांमागचे तांत्रिक कारण आणि उपाय यांसह दिले आहेत.

एररची यादी खालून वाचू नका

प्रोग्रॅम कंपाइल केल्यावर, म्हणजे तो मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या कंपायलरकडे दिल्यावर, पडदा एररनी भरून गेला, की बहुतेक विद्यार्थी यादीतली शेवटची एरर दुरुस्त करायला घेतात, कारण पडद्यावर तीच समोर दिसत असते. एकदा एका मुलीने घाबरून सांगितले, “सर, सव्वीस एरर आल्या आहेत.” सर म्हणाले, “एकच आली आहे गं, बाकीच्या पंचवीस तिच्याबरोबर जेवायला आल्यात.” घोषणेच्या ओळीत व्हेरिएबलच्या (किंमत साठवायच्या जागेच्या) नावाचे एक अक्षर चुकले होते आणि पुढे ते नाव जिथे जिथे आले होते तिथे तिथे कंपायलर अडखळत होता. यादीतली पहिली एरर तेवढी दुरुस्त करून लगेच पुन्हा कंपाइल करावे. उरलेल्यांपैकी बऱ्याच आपोआप नाहीशा होतात.

याच संदर्भात ओळ क्रमांकावर आंधळा विश्वास ठेवू नये. विधानाच्या शेवटचा अर्धविराम राहिला असेल, तर जुना कंपायलर पुढच्या ओळीचा क्रमांक देतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत त्याला काही खटकलेलेच नसते. “वरच्या ओळीचे पाप खालची ओळ फेडते,” हे सरांचे वाक्य आमच्या लॅबमध्ये फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहिलेले होते. दाखवलेल्या ओळीत काहीच वावगे दिसत नसेल, तर वरची ओळ तपासावी. आणि एरर थेट फाइलच्या शेवटी दाखवली जात असेल, तर कुठला तरी महिरपी कंस बंद करायचा राहिला आहे असे समजून शोध घ्यावा.

विचारायचे होते, ठरवून टाकले

बरोबरीचे एक चिन्ह आणि दोन चिन्हे यांतला गोंधळ हा सगळ्यांत जास्त वेळ खाणारा आहे, कारण इथे एरर येतच नाही. प्रोग्रॅम साधा होता: ३५ गुण असतील तर ‘काठावर पास’ असे छापायचे. एका विद्यार्थ्याने इफच्या, म्हणजे अट तपासणाऱ्या विधानाच्या, कंसात ‘गुण = ३५’ असे लिहिले. ९२ गुणांचा काठावर पास, ११ गुणांचाही काठावर पास. सर बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “अख्खा वर्ग पास, आणि प्रत्येकाला मोजून पस्तीस. विद्यापीठाला कळवायला हवे. पण बाळा, तू विचारलंच नाहीस, परस्पर ठरवून टाकलंस.”

निदान तंतोतंत त्या शेवटच्या वाक्यात आहे. एकच चिन्ह लिहिले की उजवीकडची किंमत डावीकडच्या व्हेरिएबलमध्ये भरली जाते, आणि भरलेली किंमत शून्य नसल्यामुळे सी ती अट खरी मानते. म्हणजे निकाल तर चुकतोच, शिवाय विद्यार्थ्याचे मूळ गुणही पुसले जातात. ही केवळ नवशिक्यांची गफलत आहे असेही नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या सोर्स कोडच्या एका प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या होत्या. वरवर पाहता त्यांत वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का असे विचारल्यासारखे दिसत होते. प्रत्यक्षात एकाच चिन्हामुळे तो क्रमांक शून्य केला जात होता, आणि लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे सर्वाधिकारी रूट. मूळ नोंदींशी मेळ बसला नाही म्हणून तो डाव वेळीच उघडकीस आला.

उपाय दोन आहेत. स्थिर किंमत डावीकडे लिहिण्याची सवय लावली, म्हणजे ‘३५ == गुण’ असे लिहिले, तर एक चिन्ह राहून गेल्यावर कंपायलर स्वतःच अडवतो. दुसरा आणि अधिक चांगला उपाय म्हणजे जीसीसी हा कंपायलर वापरताना ‘-वॉल’ हा पर्याय नेहमी चालू ठेवणे. त्याने मिळणाऱ्या वॉर्निंग आमच्या वर्गात कोणी वाचत नसे, कारण वॉर्निंग आली तरी प्रोग्रॅम चालतो. माझ्या मते पहिल्या सत्रात शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल, तर ती वॉर्निंग वाचण्याची सवय ही आहे.

शून्य टक्के आणि उणे तेहेतीस टक्के

सहा विषयांचे गुण घेऊन टक्केवारी काढण्याचा प्रोग्रॅम प्रत्येक जर्नलमध्ये असतो आणि दरवर्षी तो कोणाचा तरी शून्य टक्के देतो. ६०० पैकी ४५७ गुण मिळाले असतील आणि आपण ‘मिळालेले / एकूण * १००’ असे लिहिले, तर दोन्ही पूर्णांक असल्यामुळे आधी पूर्णांकी भागाकार होतो, ४५७ भागिले ६०० याचे उत्तर शून्य येते आणि शून्याला शंभराने गुणून शून्यच राहते. टक्केवारीचे व्हेरिएबल फ्लोट (दशांश संख्येचे) घोषित केले म्हणून यात फरक पडत नाही, कारण उत्तर त्यात ठेवले जाण्यापूर्वीच अपूर्णांक गळून गेलेला असतो. येथे सरांचा शेरा होता, “फ्लोटचा डबा घेऊन गेलास खरा, पण दुकानदाराने पूर्णांकच दिले.”

या शेऱ्यानंतर एका हुशार मुलाने क्रम बदलला: आधी शंभराने गुणायचे, मग भागायचे. घरी जीसीसीवर त्याला ७६ मिळाले; लॅबमध्ये टर्बो सी या जुन्या कंपायलरवर उणे ३३. त्या दिवशी सर स्वतः खुर्ची ओढून बसले, कारण हे उदाहरण त्यांना मनापासून आवडले होते. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला सोळा बिट मिळतात, म्हणजे तो ३२,७६७ च्या पुढे जाऊ शकत नाही. शंभर गुणिले ४५७ म्हणजे ४५,७००. ही संख्या मर्यादेबाहेर जाऊन प्रत्यक्षात उणे १९,८३६ बनते आणि तिला ६०० ने भागले की उणे ३३ उरते. “काठावर नापास ऐकले होते, शून्याखाली नापास आजच पाहिले,” असे म्हणून त्यांनी फळ्यावर ४ जून १९९६ ही तारीख लिहिली. त्या दिवशी फ्रेंच गयानातून सुटलेले एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. चौसष्ट बिटांची एक दशांश संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात भरण्याचा प्रयत्न हे त्याचे मूळ कारण ठरले. उपाय मात्र अगदी छोटा आहे: शंभराऐवजी १००.० लिहून गुणाकाराने सुरुवात करावी, म्हणजे सगळे गणित दशांशातच होते. उत्तर छापताना प्रिंटएफमध्ये पूर्णांकाचे टक्का-डी न लिहिता दशांशाचे टक्का-एफ लिहायचे, हेही विसरू नये.

दोन स्वल्प पण त्रासदायक चुका

फॉर लूपचा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या विधानाचा, कंस बंद केल्यावर हात सवयीने अर्धविराम टाइप करतो. मग सातचा पाढा छापायला सांगितलेला प्रोग्रॅम फक्त ७७ छापून थांबतो, कारण लूप रिकाम्या विधानावर दहा वेळा फिरून येतो, मोजणारा आय अकरावर जाऊन उभा राहतो आणि त्यानंतर महिरपी कंसातला भाग एकदाच चालतो. “सात एके सातपासून सात दाहे सत्तरपर्यंत सगळे गाळले, ही युक्ती चौथीत सापडली असती तर,” असे सर खेदाने म्हणाले. लूप एकदाच चालल्यासारखा वाटला, तर सर्वप्रथम फॉरच्या ओळीचा शेवट पाहावा.

इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधी अँपरसँड (&) राहिला, तर प्रोग्रॅम इनपुट घेताच कोसळतो किंवा काहीतरी भलतेच घडते. “माहिती घरपोच मागवलीस आणि पत्ता दिलाच नाहीस,” हा शेरा येथे शब्दशः खरा आहे, कारण अँपरसँड म्हणजे त्या व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता.

साताऱ्याला सात घरे लागतात

गावाचे नाव साठवण्यासाठी कॅरेक्टर ॲरे (अक्षरांसाठी ओळीने घरे) घेताना विद्यार्थी अक्षरे मोजतात आणि तेवढीच जागा ठेवतात. रोमन लिपीत सातारा लिहायला सहा अक्षरे लागतात. तरीही ॲरे सातचा हवा, कारण स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची मालिका, कुठे संपली हे कळण्यासाठी सी शेवटी एक नल कॅरेक्टर ठेवते. सरांनी हे एकदाच सांगितले आणि ते वर्गातला कोणीही विसरला नाही. जागा कमी पडली तरी सी तक्रार करत नाही. शेजारच्या व्हेरिएबलमध्ये सरळ लिहून मोकळी होते, आणि मग ज्या ओळीला आपण हातही लावलेला नाही तिथली किंमत बदललेली दिसते. अशी अनाकलनीय किंमत दिसली, की संशय ॲरेच्या मर्यादेवर घ्यावा. जुन्या नोट्समधले ओळ वाचणारे गेट्स हे फंक्शन याच कारणासाठी सीच्या २०११ च्या प्रमाणातून (अधिकृत नियमावलीतून) काढून टाकण्यात आले, कारण आपल्याकडे किती जागा आहे हे त्याला सांगताच येत नाही. त्याऐवजी एफगेट्स वापरावे. मात्र ते एंटरही स्ट्रिंगमध्ये जमा करते, हे लक्षात असू द्यावे.

कोणाला देवनागरीतून प्रयोग करून पाहायचा असेल, तर लिनक्सवर ‘पुणे’ या स्ट्रिंगची लांबी एसटीआरलेन या फंक्शनने मोजून पाहावी. उत्तर १२ येते. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प, उकार, ण आणि मात्रा यांना प्रत्येकी तीन बाइट लागतात आणि एसटीआरलेन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. स्ट्रिंग उलटी करण्याचा जर्नलमधला प्रोग्रॅम मराठी नावावर चालवला की पडद्यावर कचरा का येतो, याचे उत्तरही हेच आहे.

प्रोग्रॅम प्रश्न न विचारताच पुढे जातो

‘पुढे चालू ठेवायचे का?’ असे विचारून एक अक्षर वाचणारा प्रोग्रॅम उत्तराची वाट न पाहता निघून जातो, ही तक्रार हमखास असते. आधीचा आकडा टाइप केल्यावर दाबलेले एंटर बफरमध्ये (इनपुटच्या तात्पुरत्या साठ्यात) पडून राहते आणि एक अक्षर वाचणारे टक्का-सी तेच अक्षर म्हणून उचलते. अनेक नोट्समध्ये यावर एसटीडीआयएन, म्हणजे कीबोर्डकडून येणारे इनपुट, फ्लश (रिकामे) करण्याचा उपाय दिलेला असतो, पण इनपुटच्या बाबतीत त्याने काय व्हावे हे सीच्या प्रमाणात ठरवलेलेच नाही, त्यामुळे एका मशीनवर चालले म्हणून दुसऱ्यावर चालेल याची खात्री नसते. टक्का-सीच्या आधी अवतरणचिन्हांच्या आत एक मोकळी जागा सोडणे हा विश्वासार्ह उपाय आहे.

लॅबमध्ये चालतो, घरी चालत नाही

बोरलँडचा टर्बो सी १९८७ साली आला आणि सीचे पहिले प्रमाण १९८९ साली ठरले. तरीही कित्येक लॅबमध्ये तो निळा पडदा डॉसबॉक्समधून (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) अजून उघडला जातो. “हा कंपायलर तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे; त्याला मान द्या, पण त्याचे सगळेच ऐकू नका,” असे सर पहिल्याच तासाला सांगत. कोनिओ डॉट एच, सीएलआरएससीआर आणि गेटसीएच या गोष्टी प्रमाण सीचा भाग नाहीत, म्हणून लिनक्सवरच्या जीसीसीत त्या सापडत नाहीत. त्या ओळी काढून टाकाव्यात आणि व्हॉइड मेनऐवजी इंट मेन लिहावे.

याउलट घडणारा प्रकार व्हॉट्सॲपचा आहे. ग्रुपवर किंवा वर्डच्या फाइलमधून आलेला प्रोग्रॅम चिकटवला, की प्रत्येक प्रिंटएफवर ‘स्ट्रे’ या शब्दाने सुरू होणारी एरर येते. डोळ्यांना प्रोग्रॅम बिनचूक दिसतो. पण त्यातली अवतरणचिन्हे वळणदार झालेली असतात आणि कंपायलरला फक्त सरळ चिन्हे समजतात. ती सगळी पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करावीत.

जर्नल आणि तोंडी परीक्षा

मागच्या बॅचचे जर्नल उतरवण्याबद्दल उपदेश करण्याची माझी इच्छा नाही. ते सर्रास होते. परंतु उतरवताना आउटपुटमध्ये जुन्या मालकाचे नाव तसेच राहिले, तर काय होते ते आम्ही पाहिले आहे. सरांनी त्या मुलाला उभे केले, त्याच्याशी हस्तांदोलन केले आणि म्हणाले, “बारसे कधी झाले? आम्हाला बोलावले नाही.” नंतर त्यांनी त्याला एवढेच विचारले, की ही तिसरी ओळ काढली तर काय होईल.

बाहेरून येणारे परीक्षकही बहुधा हाच प्रश्न विचारतात आणि त्याची तयारी पाठांतराने होत नाही. चालणारा प्रोग्रॅम घ्यावा, एकेक ओळ कॉमेंट करून (कंपायलरने वगळावी अशी खूण करून) तो पुन्हा चालवावा आणि काय बिघडते ते वहीत लिहावे. अडलेल्या प्रोग्रॅमवरही हीच पद्धत लागू पडते: निम्मा भाग कॉमेंट करून पाहावा, संशयित व्हेरिएबलची किंमत प्रत्येक टप्प्यावर छापावी आणि लूपचा ड्राय रन कागदावर करावा, म्हणजे प्रत्येक फेरीतल्या किमती हाताने मांडून पाहाव्यात. एवढे करूनही चूक सापडली नाही तर सरांकडे जाताना ‘चालत नाही’ असे सांगू नये. कोणते इनपुट दिले, काय यायला हवे होते आणि काय आले, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात, कारण त्यांतली एक जरी नसली तरी आमचे सर वर न पाहता म्हणत, “मग चालव की तू, मी तोवर चहा घेऊन येतो.”