बातम्यांच्या प्रेक्षकसंख्येवर लघुप्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

दूरचित्रवाणी बातम्यांच्या बदलत्या प्रेक्षकवर्गावर लघुप्रबंध लिहायचे तुम्ही ठरवले असेल, तर विषय चांगलाच आहे. मात्र त्यात माझे एक सत्र वाया गेले आणि त्याचा सल अजून गेलेला नाही.

स्टार माझा आणि झी चोवीस तास या वाहिन्या सुरू झाल्या त्या 2007 पासूनचा प्रेक्षकसंख्येचा आलेख मी एकाच रेषेत काढला. 2015 नंतर रेषा उसळलेली दिसली आणि ग्रामीण प्रेक्षक अचानक बातम्यांकडे वळला, असा निष्कर्ष मी आनंदाने लिहून टाकला. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी एवढेच विचारले, "त्याआधी खेड्यात टीव्ही नव्हता का?" होता. रावेर-यावलकडची घरे दूरदर्शनच्या सातच्या बातम्या लावत होती, फक्त त्यांना कोणी मोजत नव्हते. टॅम या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या जुन्या संस्थेची मोजयंत्रे शहरी घरांत असत. ग्रामीण घरे मोजणीत आली ती 2015 मध्ये, बार्क या नव्या मोजणी संस्थेमुळे. म्हणजे वाढले होते ते मोजमापाचे क्षेत्र, आणि प्रेक्षक वाढला की नाही हे त्या रेषेवरून कळतच नव्हते. दोन संस्थांचे आकडे एका रेषेने कधीही जोडू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये टीआरपी घोटाळ्याच्या, म्हणजे प्रेक्षकसंख्या फुगवल्याच्या, आरोपांनंतर बार्कने बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे देणे थांबवले. मार्च 2022 मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा बार्क एकेका आठवड्याच्या आकड्याऐवजी चार आठवड्यांची सरासरी देऊ लागली. तिथेही रेषा तोडावीच लागते.

माझ्या मार्गदर्शकांनी तो आलेख न वाचताच सही केली होती. लगेच सही करणारे मार्गदर्शक सोयीचे वाटतात, पण मला विचाराल तर मसुद्यावर लाल शाई सांडणारेच बरे.

घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण प्रकरण नव्याने लिहायला मला तीनच आठवडे लागले. गावातल्या केबलवरच्या नगरपालिका आणि बाजार समितीच्या बातम्या राष्ट्रीय मोजणीत सापडत नाहीत, त्यामुळे स्थानिक भागासाठी घरोघरी जाण्याला पर्याय नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नावली फिरवण्याची पळवाट शोधू नका. ती भरतो नातू, आणि टीव्हीसमोर बसलेले असतात आजोबा. "कोणती वाहिनी बघता?" असे विचारले की लोक वजनदार राष्ट्रीय नाव सांगतात, म्हणून "काल संध्याकाळी काय लावलं होतं?" असे विचारावे. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी भेटत नाही आणि रात्री नऊनंतर दार वाजवलेले खेड्यात आवडत नाही. साडेसात ते नऊ ही वेळ धरा.